कल्हई, डाग आणि हिरवं पाणी: जुन्या गाडीत कूलंट कुठलं घालायचं

जुनी फियाट नाहीतर अँबेसिडर बाळगणारा माणूस कूलंट मागायला दुकानात गेला की पहिला प्रश्न येतो, "हिरवं देऊ का लाल?" आणि आपणही साडीच्या दुकानात उभं राहिल्यासारखं रंग निवडून घरी येतो. मीही आलो होतो. माझी १९८६ची पद्मिनी, वडलांनी घेतलेली, तिचे लाड करायचे म्हणून मी महागातलं नारिंगी कूलंट आणलं, पाच वर्षं बघायलाच नको असं डब्यावर लिहिलेलं, दुकानदार म्हणाला साहेब हे टॉप आहे, घातलं. पुढं काय झालं ते सांगतो, पण आधी हे कूलंट गाडीच्या पोटात करतं काय ते बघू, कारण ते एकदा कळलं की हिरवं का लाल हा प्रश्नच चुकीचा होता हे लक्षात येतं.

इंजिनात पेट्रोल जळून जी उष्णता तयार होते तिचा ढोबळमानानं एक तृतीयांश भाग गाडी ओढायला लागतो (जुन्या गाडीत त्याहूनही कमीच), तेवढाच सायलेन्सरमधून बाहेर जातो, आणि उरलेला इंजिनाच्या लोखंडात शिरतो. तो बाहेर काढला नाही तर पिस्टन जाम होतो. म्हणून इंजिनाच्या अंगात पाणी फिरवायचं, ते गरम झालं की पुढच्या रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून न्यायचं, तिथं वाऱ्यानं थंड झालं की परत आत. एवढंच आहे. बीटलवाल्यांनी इथून पुढं वाचलं नाही तरी चालेल, त्यांचं इंजिन वाऱ्यावरच थंड होतं.

आता बऱ्याच जणांना धक्का बसेल असं सांगतो. उष्णता वाहून न्यायला साध्या पाण्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. कूलंटमध्ये मुख्य माल असतो तो इथिलीन ग्लायकॉल, आणि निम्मं पाणी निम्मं ग्लायकॉल असं मिश्रण वजनाला वजन धरलं तर साध्या पाण्यापेक्षा पंधरा-वीस टक्के कमी उष्णता वाहतं. म्हणजे "कूलंट घातलं की इंजिन थंड चालतं" हे खरं नाही, उलट तापमानाचा काटा किंचित वरच राहू शकतो. मग घालायचं कशाला? तर दोन कारणांसाठी, एक म्हणजे ते उशिरा उकळतं, आणि दुसरं, जे माझ्या मते आपल्याकडं खरं कारण आहे, ते गंजू देत नाही. गोठू नये हे तिसरं कारण लडाखला जाणाऱ्यांसाठी, आपल्याकडं सोलापुरात नाहीतर सावंतवाडीत गाडीचं पाणी गोठायची भीती कुणालाच नाही.

उकळण्याचं गणित आधी उरकून घेऊ. पाणी समुद्रसपाटीला १०० अंशाला उकळतं, पण वर चढलं की दर ३०० मीटरला साधारण एक अंश कमी होत जातं, म्हणजे महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरच्या आसपास, ९५-९६ अंशालाच बुडबुडे. आणि तिथं पोचायला पसरणीचा घाट सेकंड गियरमध्ये चढलेला असतो, इंजिन तापलेलं, वारा कमी. पूर्वी खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून, हातात पाण्याची कळशी घेऊन उभी असलेली कुटुंबं आठवत असतील, त्याचं कारण हेच. यावर उपाय म्हणून रेडिएटरच्या झाकणाला स्प्रिंग असते, ती आतला दाब धरून ठेवते, प्रेशर कुकरसारखं, आणि दर पाउंड (म्हणजे चौरस इंचावर एक पाउंड) दाबाला उकळबिंदू दीडेक अंशानं वर सरकतो. आताच्या गाड्यांचं झाकण तेरा-पंधरा पाउंडाचं किंवा वरचं, जुन्या ब्रिटिश बांधणीच्या गाड्यांना चार नाहीतर सात पाउंडाचं. सात पाउंडावर साधं पाणी १११ अंशांपर्यंत टिकतं. निम्म्या ग्लायकॉलचं मिश्रण तर बिनदाबाचंही १०६-१०८ पर्यंत जातं, त्यात झाकणाचा दाब मिळवला की घाटात चांगली उसंत मिळते. पण हा हिशेब ऐकून कुणी जुन्या रेडिएटरला नव्या गाडीचं जड झाकण बसवू नका, चाळीस वर्षांचे सांधे तो दाब सोसत नाहीत, एखाद्या चढावर रेडिएटर फुटेल आणि मग कळशीनंही भागणार नाही.

आता मुख्य मुद्दा, गंज.

घरात कल्हईची भांडी बघितलेल्यांना हे पटकन कळेल. पितळेच्या पातेल्यात, कल्हई उडालेली असताना, ताक किंवा आंबट वरण ठेवलं की ते कळकतं, हिरवट होतं, तोंडात घालवत नाही. कारण आंबट पदार्थ तांब्याला खातो. कल्हई म्हणजे काय, तर मध्ये कथलाचा एक पातळ पदर, की पदार्थाचा आणि पितळेचा संबंधच येऊ नये. आणि ती कायमची नसते, उडते, कल्हईवाला दारात आला की परत करून घ्यायची.

जुन्या गाडीच्या आत याच्यापेक्षा अवघड संसार आहे, कारण तिथं एकाच पाण्यात चार-पाच धातू नांदतात. पद्मिनीचं उदाहरण घ्या, ब्लॉक म्हणजे इंजिनाचं मुख्य धड बिडाचं, त्यावरचं हेड अॅल्युमिनियमचं, रेडिएटर तांब्या-पितळेचा, आणि त्या रेडिएटरच्या नळ्या टाकीला जोडलेल्या आहेत त्या डाग देऊन, म्हणजे शिसं आणि कथील वितळवून. अँबेसिडरच्या जुन्या इंजिनात हेडही बिडाचंच, त्यामुळं एक धातू कमी, पण रेडिएटर तोच तांब्या-पितळेचा आणि डाग तेच. शाळेत लिंबात एक तांब्याची तार आणि एक जस्ताचा खिळा खुपसून वीज तयार करायचा प्रयोग केलेला आठवत असेल. दोन वेगळे धातू आणि मध्ये क्षार असलेलं पाणी, झाली बॅटरी तयार, आणि बॅटरीत एक धातू दुसऱ्यासाठी झिजत असतो. गाडी शेडमध्ये उभी असली तरी हे चालूच असतं, खरं तर उभ्या गाडीतच जास्त नुकसान होतं असं माझं मत आहे, कारण चालणाऱ्या गाडीचं पाणी निदान कुणीतरी बघत असतं.

कूलंटमध्ये ग्लायकॉलबरोबर जी थोडीशी रसायनं घातलेली असतात ती या गंजाला रोखायला. डब्यातला ग्लायकॉल जवळपास सगळीकडं एकच, फरक आहे तो या मूठभर रसायनांमध्ये, आणि निवड करायची ती इथं.

जुनी पद्धत म्हणजे सिलिकेट, फॉस्फेट, बोरेट, नायट्राइट असले खनिज क्षार. हे धातूवर सरसकट एक पातळ थर बसवतात, अगदी कल्हईसारखा. लगेच बसतो, चांगला बसतो, पण कल्हईसारखाच उडतो, दोन वर्षांत ही रसायनं संपत येतात आणि मग कूलंट दिसायला हिरवं असलं तरी आत नुसतं ग्लायकॉलचं पाणी उरतं. या प्रकाराला आयएटी म्हणतात. नवी पद्धत ओएटी, यात सेंद्रिय आम्लांचे क्षार असतात, ते सरसकट थर देत नाहीत, जिथं गंज सुरू होतोय तिथंच जाऊन बसतात. म्हणून ते कमी खर्च होतात आणि पाच-पाच वर्षं टिकतात. १९९०च्या दशकाच्या मध्यावर जनरल मोटर्सनं आपल्या नव्या गाड्यांत हे नारिंगी रंगात आणलं आणि तिथून लाँग लाइफ हा शब्द रुजला. कल्पना उत्तम आहे, वाईट म्हणायचं काहीच कारण नाही, पण ती ज्या गाड्यांसाठी होती त्यांचा रेडिएटर अॅल्युमिनियमचा, टाकी प्लास्टिकची, शिशाचा डाग कुठंच नाही.

अडचण त्या डागातच आहे. ओएटीमधली सेंद्रिय आम्लं अॅल्युमिनियमला छान सांभाळतात, पण शिशाच्या डागाला खनिज क्षारांइतका आसरा देत नाहीत, वर्षानुवर्षं सांधा पोखरला जातो आणि त्यावर पांढरी फुलून आलेली भुकटी दिसते, ती सुटून बारीक नळ्यांच्या तोंडाशी बसते. शिवाय त्यात बऱ्याचदा वापरलं जाणारं एक आम्ल काही जातीच्या प्लास्टिक आणि सिलिकॉनच्या सीलना मऊ करतं, आणि आपल्या गाडीतलं गॅस्केट कुठल्या काळातलं कुठल्या मालाचं हे आपल्याला तरी कुठं माहीत असतं? ब्रिटनमधल्या जुन्या गाड्यांच्या क्लबांच्या फेडरेशननं आपल्या सभासदांना जुन्या गाड्यांत ओएटी घालू नका असं सांगितलेलं आहे ते याच कारणांनी.

माझ्याबाबतीत साधारण तिसऱ्या वर्षी गाडी तापायला लागली, आमच्या घराजवळच्या चढावरसुद्धा काटा वर. पंप बघितला, बेल्ट बघितला, सगळं ठीक. शेवटी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या रेडिएटरवाल्याकडं रेडिएटर उतरवून नेला, त्यानं वरची टाकी उकलली आणि आत बोट फिरवून मला दाखवलं, पांढरट भुकटी, वाळलेल्या चुन्यासारखी, अर्ध्या नळ्यांची तोंडं बुजलेली. म्हणाला, "डाग खाल्लाय. काय घातलं हुतासा?" मी डब्याचं वर्णन केलं. तो म्हणाला, "नव्या सुनंची गोळी आज्जीला दिलासा." सगळा दोष त्या डब्याचाच असं मी म्हणणार नाही, त्याआधी वीस वर्षं त्या रेडिएटरनं बोअरचं पाणी प्यायलेलं होतं आणि मी नीट धुऊनही घेतलं नव्हतं. पण त्यानं नळ्यांतून सळी घालून साफ केल्या, सगळे सांधे नव्यानं झाळून दिले, आणि तेव्हापासून मी साधं आयएटीच घालतो.

तर उत्तर असं: तांब्या-पितळेचा, डाग दिलेला रेडिएटर असेल तर जुन्या पद्धतीचं, खनिज क्षारांचं, इथिलीन ग्लायकॉलवालं कूलंट, आणि दर दोन वर्षांनी बदलायचं. ते स्वस्तही असतं, यात दुकानदाराचा फायदा कमी म्हणून तो ते काउंटरच्या खाली ठेवतो ही वेगळी गोष्ट. कुणी मागं अॅल्युमिनियमचा नवा रेडिएटर बसवून घेतला असेल, किंवा १९८०नंतरची जर्मन गाडी असेल, तर मधला प्रकार चालतो, सेंद्रिय आम्लं आणि थोडं सिलिकेट दोन्ही असलेला, त्याला हायब्रिड म्हणतात. म्हणजे आधी बॉनेट उघडून रेडिएटर कशाचा आहे ते बघायचं, वरचा काळा रंग थोडा खरवडला की खाली पिवळं दिसतं का पांढरं ते कळतं.

रंगावर मात्र अजिबात जाऊ नका. रंग हा वरून टाकलेला असतो, कुठल्या रसायनाला कुठला रंग असा सगळ्यांना बांधणारा नियम नाही. हिरवं बहुतेक वेळा जुन्या पद्धतीचं निघतं हे खरं, पण हिरव्या रंगात ओएटीसुद्धा मिळतं, आणि ब्रिटनमध्ये जुन्या पद्धतीचं निळं असतं. डबा उलटा करून मागचं बारीक वाचायचं. लाँग लाइफ, ओएटी, ऑरगॅनिक, सिलिकेट-फ्री, पाच वर्षं, असले शब्द दिसले की तो डबा शेजाऱ्याच्या नव्या गाडीसाठी. आयएस ५७५९, जपानचं जेआयएस के २२३४, ब्रिटिश बीएस ६५८० अशी मानकं लिहिलेली असली तर बरं. अमेरिकन एएसटीएम डी ३३०६ असेल तरी चालेल. पण मानकावरून माल चांगला आहे एवढंच कळतं, ती दोन्ही जातींना मिळतात, त्यावरून जात ओळखता येत नाही. या अमेरिकन मानकामागची एक चाचणी मला फार आवडते: काचेच्या भांड्यात मुद्दाम क्षार घातलेल्या पाण्यात कूलंट मिसळतात, त्यात तांबं, डाग, पितळ, स्टील, बीड आणि अॅल्युमिनियम अशा सहा धातूंच्या पट्ट्या लटकवतात आणि ८८ अंशांवर ३३६ तास, म्हणजे बरोबर दोन आठवडे ठेवतात. नंतर पट्ट्या धुऊन वजन करायचं. तांबं-पितळ दहा मिलिग्रॅमच्या वर झिजता कामा नये, डागाला आणि अॅल्युमिनियमला तीस मिलिग्रॅमची सवलत. म्हणजे नाजूक मंडळी कोण हे प्रयोगशाळेलाही माहीत आहे. फक्त एवढं लक्षात ठेवा की ती चाचणी नव्या पट्टीवर दोन आठवड्यांची आहे आणि आपला डाग चाळीस वर्षांचा.

दोन जाती एकमेकांत मिसळू नका. मिसळल्या की कधी कधी चिकट गाळ होतो, आणि गाळ नाही झाला तरी दोघांचीही ताकद जाते. आधी आत काय होतं माहीत नसेल तर पूर्ण काढून, साध्या पाण्यानं दोन-तीनदा इंजिन चालवून धुऊन, मगच नवीन.

पाण्याबद्दल थोडं जास्तच बोलणार आहे, कारण लोक कूलंटवर पैसे घालतात आणि पाणी विहिरीचं ओततात. जुना तांब्याचा बंब बघा, आत पांढरा जाड पापुद्रा धरलेला असतो, तसाच पापुद्रा इंजिनात सगळ्यात गरम जागी, हेडच्या आसपास बसतो, आणि तो उष्णता अडवतो. त्यात आपल्याकडच्या हिरव्या कूलंटमध्ये बऱ्याचदा फॉस्फेट असतं, ते जड पाण्यातल्या कॅल्शियमबरोबर मिळून आणखी साका तयार करतं, युरोपवाले जड पाण्यामुळंच फॉस्फेट टाळतात. आणि पाण्यात क्लोराइड असेल तर ते अॅल्युमिनियमला भोकं पाडतं. म्हणून पाणी बॅटरीवालं, डीएम (क्षार काढलेलं) किंवा डिस्टिल्ड. पाच लिटरचा कॅन काही महाग नसतो. आरओचं चालेल का असं विचारतात, बोअरपेक्षा नक्कीच बरं, पण डीएम मिळत असताना का?

प्रमाण किती? आपल्या हवेत एक भाग कूलंट दोन भाग पाणी पुरतं, म्हणजे साधारण ३३ टक्के. याच्या खाली गेलं की गंजरोधकच पातळ होतात. निम्मं-निम्मं केलं तरी बिघडत नाही, त्यावर उणे ३७ पर्यंत गोठत नाही, लडाखच्या हिवाळ्यात जायचं तर तेच करा. त्याच्या वर मात्र फायदा नाही, नुसतंच घट्ट. ऑस्टिन सेव्हनसारख्या युद्धापूर्वीच्या गाड्यांत पंपच नसतो, गरम पाणी हलकं होऊन आपोआप वर जातं एवढ्यावर सगळं फिरतं, त्यांना तर पातळच ठेवायचं.

इथं एक व्यावहारिक गोम आहे जी मला दोनदा फसल्यावर कळली. रेडिएटरचा खालचा कॉक उघडला की सगळं पाणी येत नाही, इंजिनाच्या ब्लॉकमध्ये बरंच राहतं (ब्लॉकला वेगळा नट असतो, तो बहुतेक जन्मात उघडलेला नसतो). आता समजा गाडीत एकूण पाच लिटर मावतं आणि धुतल्यावर साडेतीनच बाहेर आलं, आत दीड लिटर साधं पाणी आहे, त्यावर तुम्ही तयार मिसळलेलं कूलंट ओतलंत तर ते आणखी पातळ झालं. म्हणून जुन्या गाडीला तयार मिश्रण घेऊ नका, घट्टवालं, पाणी न मिसळलेलं घ्या, आधी त्याचे एक लिटर सातशे मिली ओता आणि उरलेली जागा डीएम पाण्यानं भरा, प्रमाण आपोआप बरोबर बसतं.

आणि काठोकाठ भरू नका. जुन्या गाड्यांना बाजूची प्लास्टिकची बाटली नसते, जास्तीचं पाणी बारीक नळीतून थेट रस्त्यावर. ग्लायकॉल पाण्यापेक्षा जास्त फुगतं, त्यामुळं गळ्यापर्यंत भरलं की पहिल्याच फेरीत अर्धा-पाऊण कप बाहेर फेकतं, आपण घाबरून परत साधं पाणी टाकतो, परत फेकतं, आणि सहा महिन्यांत आत दहा टक्के कूलंट उरलेलं असतं. तोंडापासून बोटभर खाली ठेवा, तिथंच ते स्थिर होतं. बाहेर सांडलेलं मात्र लगेच पाण्यानं धुवा आणि काढलेलं जुनं कूलंट उघड्या बादलीत ठेवू नका, ते चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात, आणि पोटात जाऊन त्याचे खडे मूत्रपिंडात अडकतात. मांजराला तर थोडंसंही पुरतं. लहान मुलांचंही तेच.

"कूलंट घातलं आणि गाडी गळायला लागली" ही तक्रार खरी आहे, पण कूलंट भोक पाडत नाही. ते पाण्यापेक्षा बारीक फटीतून झिरपतं, आणि जुना गंजाचा खपला जो बुच होऊन बसलेला असतो तो सोडवतं. भोक आधीचंच. मग कुणीतरी हळद टाकायला सांगतं, पूर्वी ड्रायव्हर लोक रेडिएटर गळला की मूठभर हळद टाकायचे आणि ती फटीत जाऊन फुगून बसायची, घाटात अडकलात तर करा, पण घरी आल्यावर ती काढा, कारण हळदीला गळकी नळी कुठली आणि चांगली कुठली हे कळत नाही. गळती बाहेर दिसत नसेल आणि पाणी कमी होतच असेल तर डिपस्टिक बघा, ऑइल दुधाळ चहासारखं झालं असेल तर हेड गॅस्केट गेलं, गाडी चालवू नका, ग्लायकॉल मिसळलेलं ऑइल बेअरिंग खातं.

काही जण म्हणतील मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी आयुष्यभर नळाच्या पाण्यावर चालल्या की, शेवटची २०२३च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली तोवर. चालल्या, पण टॅक्सीवाला रोज सकाळी झाकण उघडून बघायचा आणि रेडिएटर खोलून साफ करणं हा त्याच्या धंद्याचा भाग होता. आपली गाडी महिन्यातून दोन रविवार निघते, बाकी दिवस आतलं पाणी एका जागी बसून असतं. बिनपाण्याचं कूलंटही मिळतं आता, १८० अंशांपर्यंत उकळत नाही म्हणतात, पण महाग आहे, उष्णता कमी वाहतं, आणि आंबोलीच्या घाटात होज, म्हणजे रबरी पाइप, फुटला तर टपरीवरून पाणी मागून भरायची सोय गेली. मला नाही पटत.

माझ्या रेडिएटरच्या पट्टीवर मी मार्करनं तारीख लिहून ठेवलीय, येत्या दिवाळीला दोन वर्षं होतात. डबा आणून ठेवलाय, डीएमचा कॅनही. ब्लॉकचा तो नट यंदा उघडायचाच म्हणून गेल्या रविवारपासून त्यावर रोज थोडं डिझेल सोडतोय, अजून हललेला नाही.